गळालेला अर्धचंद्र

सूर, ९ ऑक्टोबर २०२५

शिरीष मास्तर,

सलाम. मस्कतच्या अझैबा ऑफिसातून मला इथे सूरला फोन करत जाऊ नका. तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी बसून माझे कान गेले. फोनवर मला फक्त घरघर ऐकू येते. जे काय ते कागदावर लिहा. आदिल दर गुरुवारी माशाची गाडी घेऊन मस्कतला येतो, त्याच्याकडे पाकीट द्या.

आता काम. पोलंडहून मासळी घेणाऱ्या कंपनीची बाई ९ डिसेंबरला कारखाना बघायला येते आहे. पास झालो तर पुढच्या तीन वर्षांची सुरमई आपल्या बर्फात जाणार. नापास झालो तर खलास. आपला सल्लागार राजीव म्हणाला, बाकी तयारी ठीक आहे, फक्त एक गोष्ट राहिली आहे. ती खाली लिहितो.

पोलिश पी.एम. हिस्टरी. सुरुवातीपासून आजपर्यंत. एकही पी.एम. सुटता कामा नये.

तुम्ही पुण्याला इतिहास शिकवत होतात, म्हणून हे तुमच्याकडे. तुमच्या रेसिडेन्सचा, म्हणजे ओमानात राहायच्या परवान्याचा, कागद माझ्या टेबलावर आहे. ३१ डिसेंबरला मुदत संपते हे मला माहीत आहे. हे काम नीट झालं की सही, इन्शाल्ला.

बदरुद्दीन मजगावकर

&nbsp;

अझैबा, १६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय बदरुद्दीनशेठ यांस,

सविनय नमस्कार. आपले पत्र पोहोचले. त्याला सुरमईचा थोडा वास होता, परंतु आशय अत्यंत सुगंधी होता. गेल्या दहा महिन्यांत या कचेरीत मी कस्टमच्या कागदांखेरीज काही लिहिलेले नाही. आपण मला पुन्हा इतिहासाकडे वळवलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. पाहुण्यांच्या देशाचा इतिहास त्यांच्या स्वागतासाठी सिद्ध ठेवणे ही कल्पना किती सुसंस्कृत आहे! बर्फाच्या कारखान्यात ती सुचावी याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल.

प्रथम व्याप्ती ठरवू. पोलंडमध्ये या पदाचे अधिकृत नाव ‘मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष’ असे आहे. आपण ‘पी.एम.’ हा सुटसुटीत शब्द वापरला आहे, तोच मीही वापरतो. आरंभ १९१८ पासून करणे सयुक्तिक ठरेल. १९१८ ते १९३९ या काळात तिसाच्या आसपास वेळा बदल झाला, म्हणजे स्थैर्य असे नव्हतेच. १९१९ मध्ये पी.एम. कोण होते, याची आपण कल्पनाही करणार नाही: एक जगप्रसिद्ध पियानोवादक, इग्नात्सी पादेरेव्स्की. पुढे विन्सेंटी विटोस नावाचे शेतकरी तीनदा आले. ते गळ्याला नेकटाय बांधत नसत. तिसऱ्या खेपेस तर जेमतेम पाच दिवस टिकले.

एक शंका विचारतो. ज्यांची नेमणूक झाली, पण ज्यांना कामच उभे करता आले नाही, असे पी.एम. मोजायचे की नाही? तज्ज्ञांत मतभेद आहेत.

सावनीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. डिसेंबरअखेर आम्हाला परतावे लागले, तर तिचे वर्ष जाईल. हे दडपण म्हणून लिहीत नाही. केवळ संदर्भ म्हणून लिहितो.

आपला नम्र,
शिरीष खांबेटे

&nbsp;

सूर, २३ ऑक्टोबर २०२५

मास्तर,

पत्र मिळालं. लॉगबुकात लिहितात तशी चार आकडी वेळ लिहिलीत, हे बरं केलंत. पण हिशेब लागेना. १९१८ ते १९३९ म्हणजे संध्याकाळची एकवीस मिनिटं. एकवीस मिनिटांत तीस वेळा तेल-ग्रीस? कुणी केलं हे? बोल्ट झिजून जातील!

दुसरं, हा पियानोवाला कोण? आपल्याकडे एक केरळचा फिटर होता, तो तबला वाजवायचा. तो असेल तर तसं स्पष्ट लिहा. आणि शेतकऱ्याला मशीनला हात कुणी लावू दिला? नेकटाय नव्हता हे मात्र बरोबर. पट्ट्यात अडकला तर मान जाते.

काम झालंच नसेल, तर तो पी.एम. मोजायचा नाही. नुसती नेमणूक करून मशीन चालत नाही.

यल्ला, हात चालवा.

बदरुद्दीन

&nbsp;

अझैबा, ६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय शेठ,

आपले पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी सावनीलाही वाचून दाखवले. ती म्हणाली, “बाबा, तुमचे सर फनी आहेत.” मी तिला सांगितले की त्याला मार्मिक म्हणतात. दोन महायुद्धांमधली एकवीस वर्षे आपण ‘संध्याकाळची एकवीस मिनिटं’ अशी वर्णिलीत. एका राष्ट्राचा संधिकाल याहून थोडक्यात कुणी सांगितला असेल, असे मला वाटत नाही. ‘तेल-ग्रीस’ हा राजकारणाबद्दलचा शब्दही तितकाच नेमका आहे. दोन्ही मी प्रस्तावनेत घेतले आहेत, आपल्या नावासह.

‘नुसती नेमणूक करून मशीन चालत नाही’ हा आपला निकष मी शिरोधार्य मानला. त्यानुसार एक नाव गाळून तळटीपेत ठेवले आहे.

१९८९ पर्यंतची कच्ची यादी सोबत जोडली आहे. आता सर्वांत गुंतागुंतीचा भाग. १९४४ पासून १९९० पर्यंत पोलंडला एकाच वेळी दोन पी.एम. होते! एक प्रत्यक्ष कारभार पाहणारा, वॉर्सात. दुसरा लंडनमध्ये, परागंदा सरकारचा. त्याच्याकडे ना जमीन, ना फौज, ना तिजोरी. होते ते शिक्के, कागद आणि आपणच खरे ही खात्री. तरीही एकामागून एक पी.एम. येत राहिले, शपथा घेत राहिले, दप्तर राखत राहिले. शेठ, रिकाम्या खोलीत इतकी वर्षे नेटाने दप्तर ठेवणाऱ्या माणसांविषयी मला जो आदर वाटतो, तो या कचेरीत एकट्याने बसल्यावर दुणावतो.

आणखी एक व्यक्ती आपल्याला विशेष रुचेल. १९३६ मध्ये आलेले स्वावोय-स्क्वादकोव्स्की हे पेशाने डॉक्टर. स्वच्छतेचा त्यांना ध्यास. गावोगावच्या घरांना संडास हवेच, असा त्यांनी आग्रह धरला. लाकडी, दार असलेले, चुना मारलेले. लोक त्या संडासांना त्यांच्याच नावावरून ‘स्वावोयका’ म्हणू लागले. पी.एम.चा विषय संडासाशिवाय पूर्ण होत नाही, असे मी म्हणतो ते यामुळे.

आपला,
शिरीष खांबेटे

&nbsp;

सूर, १३ नोव्हेंबर २०२५

मास्तर,

पी.एम.मध्ये संडासही धरतात, हे मला माहीत नव्हतं. राजीवने सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत, बरं झालं. आदिलला लावून कामगारांच्या संडासाला नवीन लाकडी दार बसवलं, आतून-बाहेरून चुना मारला. आता आत जाताना माणूस चप्पल काढतो. चुना उरला, म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीची भिंतही मारायला घेतली. निम्म्यावर चुना संपला. पुढच्या गुरुवारी अझैबाहून एक पोतं पाठवा.

एकाच मशीनला दोन पी.एम. ठेवू नका. लंडनच्या माणसाला कंत्राट कुणी दिलं? तिथे बसून त्याला इथला आवाज काय कळणार? त्याला काढा.

आणि तुमच्या यादीत पुढे कुठे कुठे १९७०, १९८९ अशा वेळा दिसतात. अशी वेळ कुठल्याच घड्याळात नसते. साठानंतर मिनिटं संपतात. परत तपासा.

शेवटचा पी.एम. कधी झाला आणि पुढचा कधी आहे, हे दोन ओळीत कळवा. बाई पहिल्यांदा तेच विचारणार.

बदरुद्दीन

&nbsp;

अझैबा, २० नोव्हेंबर २०२५

आदरणीय शेठ,

चुन्याचे पोते अझैबात या आठवड्यात मिळाले नाही. क्षमस्व. दुकानदार म्हणाला, “बुकरा, इन्शाल्ला.” त्याचा ‘बुकरा’ म्हणजे उद्या नव्हे, हे मी आता शिकलो आहे.

‘१९८९ ही वेळ कुठल्याच घड्याळात नसते.’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले. खरोखर, त्या वर्षी जे घडले ते कोणाच्याही वेळापत्रकात नव्हते. लंडनच्या पी.एम.ना मात्र मला काढता येणार नाही. आपली आज्ञा मोडण्याचा हा पहिलाच प्रसंग. पण त्यांना आधीच साऱ्या जगाने काढून टाकले होते. मीही काढले तर त्यांनी जायचे कुठे? त्यांना मी परिशिष्टात आसरा दिला आहे.

आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे अशी. शेवटचा पी.एम. डिसेंबर २०२३ मध्ये. पुढचा कधी, हे सांगता येत नाही. ते तिथल्या सभागृहाच्या, म्हणजे सेय्मच्या, हाती आहे. आणि यात एक सुंदर तरतूद आहे. सेय्म रागावून पी.एम.ला सहज घालवू शकत नाही. त्याच ठरावात त्याच्या जागी कोण येणार, हेही लिहावे लागते. पुढच्याचे नाव नसेल, तर आधीच्याला हलवता येत नाही. किती मानवी नियम आहे! हा नियम मी अधोरेखित केला आहे. त्यामागे माझा वैयक्तिक हेतू नाही, निदान पूर्णतः नाही.

सोबत संपूर्ण ग्रंथ, पाहुण्यांसाठी इंग्रजीत, पाठवतो. पृष्ठे एकशे बारा. वंशावळीसारखा एक तक्ता आहे, तो आडवा उघडावा. १९९२ मध्ये एक पी.एम. तेहतीस दिवसांचे होते, त्यांच्यावर स्वतंत्र टिपण आहे.

सहीची वाट पाहतो.

शिरीष खांबेटे

&nbsp;

सूर, २७ नोव्हेंबर २०२५

मास्तर!

दोन वर्षं पी.एम. नाही? कुणाला सांगू नका. मी स्वतः दर महिन्याला तेल बदलतो, माझ्या हाताने! तुम्ही २०२३ कुठून आणलंत? तेहतीस दिवसांचं ठीक आहे, महिन्यावर तीन दिवस चालतात.

हा सेम कोण? आपल्याकडे सॅम नावाचा एक वेल्डर होता, तो दुबईला गेला. त्याच्या हातात काही ठेवू नका.

फाईल आली. वजन चांगलं आहे. वर प्लास्टिक घातलंत ते तसंच ठेवलं आहे, माशाचे हात लागायला नकोत. आता वाचायला वेळ नाही. बाईला द्यायची आहे, मला नाही.

बदरुद्दीन

&nbsp;

सूर, ११ डिसेंबर २०२५

शिरीष मास्तर,

बाई परवा आली. हालिना नाव. उंच, करड्या केसांची, पायात सेफ्टीचे बूट घरूनच घालून आलेली. राजीवने मला आधी शिकवून ठेवलं होतं की पोलंडात बाईंना ‘पानी’ म्हणतात. मी दारातच “वेलकम, पानी” म्हटलं, तर आपला कामगार धावत जाऊन तिच्यासाठी बाटली घेऊन आला. इथपर्यंत सगळं नीट होतं.

संडास बघून ती थबकली. दारावर टकटक केली आणि एकटीच हसली. मला वाटलं, पास.

मग म्हणाली, “पी.एम. हिस्टरी, प्लीज.” मी तुमची फाईल दोन्ही हातांनी दिली. तिने प्लास्टिक काढलं, पहिलं पान वाचलं. मग दहावं. मग आडवा तक्ता उघडला. तो टेबलाच्या बाहेर गेला, त्याचं एक टोक राजीवने धरलं. मास्तर, राजीवचं तोंड त्या वेळी चुन्यासारखं झालं होतं. अर्धा तास ती वाचत बसली. मी समोर उभा. शेवटी तिने चष्मा काढला आणि माझ्या कानाजवळ येऊन मोठ्याने म्हणाली, “सगळे आहेत. पण दोन नंबरचा कॉम्प्रेसर कुठे आहे?”

तेव्हा राजीवने मला सांगितलं की त्या एकशे बारा पानांत काय आहे.

मास्तर, पी.एम. म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स! मशीन बिघडायच्या आधी करायची देखभाल. तेल कधी बदललं, पट्टा कधी घातला. त्याच्या नोंदी नीटनेटक्या, चकचकीत करून ठेवा, एवढंच सांगितलं होतं. बारा कामगार, आदिल, मी, सगळ्यांची तीन वर्षं तुम्ही पियानोवाल्याच्या हातात दिलीत.

बाई उठली, कॉम्प्रेसरच्या खोलीत गेली, दोन नंबरवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तिला भिंत दिसली. त्या भिंतीवर मी वीस वर्षं पेन्सिलीने लिहितो आहे. प्रत्येक तेल, प्रत्येक पट्टा, तारखेसकट, मराठीत. कागद तिथे ओला होतो, म्हणून. हिस्टरी तुमच्या फाईलमध्ये येतेच आहे असं समजून, निम्मी भिंत तुमच्या त्या डॉक्टरच्या नादाने मी चुन्याखाली घातली. उरलेली दहा वर्षं वाचली, कारण तुम्ही पोतं पाठवलं नाहीत.

ती म्हणाली, “हे काय?” मी म्हटलं, “हीच आपली हिस्टरी.” ती म्हणाली, “मला एकेक ओळ वाचून, समजावून, इंग्रजीत लिहून हवी. रविवारपर्यंत मी सूरमध्ये आहे.” मला तिचं ऐकू येत नाही, राजीवला माझं अक्षर लागत नाही. तीच म्हणाली, “ज्याने ही फाईल लिहिली, त्याला बोलवा.”

शनिवारी पहिल्या बसने या. तुमचा कागद टेबलावरच आहे. सही नाही.

बदरुद्दीन

&nbsp;

अझैबा, १२ डिसेंबर २०२५

आदरणीय शेठ,

हे पत्र आदिलच्या परतीच्या गाडीने माझ्याआधी पोहोचेल. समोरासमोर बोललो तर आपल्याला ऐकू येणार नाही आणि मला बोलणे जमणार नाही, म्हणून लिहितो.

चूक माझी आहे. दहा महिने बर्फाच्या कारखान्याचा पगार घेऊन मी कॉम्प्रेसर एकदाही पाहिला नाही. आपल्या प्रत्येक पत्रात तेल होते, पट्टा होता, बोल्ट होता. मी त्यांना अलंकार समजलो. चाळीस वर्षे मुलांना ‘मूळ साधन पाहा’ असे शिकवले, आणि स्वतः मूळ साधनावर चुना चढत असताना लंडनच्या दप्तराचे गोडवे गात बसलो.

तथापि, शिक्षक म्हणून एक बाब नोंदवल्यावाचून राहवत नाही. आपली ९ ऑक्टोबरची चिठ्ठी माझ्यापुढे आहे. आपल्याला ‘चकचकीत करा’ म्हणायचे होते, म्हणजे शब्द ‘पॉलिश’. ‘प’च्या काना-अर्धचंद्रातला अर्धचंद्र गळाला आणि वर मात्रा पडून ‘पोलिश’ झाले. पाहुण्या पोलंडच्या, इतिहास माझ्या आवडीचा. त्या एका मात्रेवर मी अख्खा देश चढवला. गळालेला तो अर्धचंद्र आता आपण मला देणार, हे मी जाणतो. ती आपली मुखत्यारी आहे.

फक्त एक विनंती. तो फेब्रुवारीनंतर द्यावा. सावनीला मी अजून काही सांगितलेले नाही. ती टेबलावर रसायनशास्त्र करते आहे. मघाशी तिने विचारले, “बाबा, प्रिव्हेंटिव्ह म्हणजे मराठीत काय?” मी म्हणालो, प्रतिबंधक. ती म्हणाली, “म्हणजे आधीच केलं की नंतर प्रॉब्लेम होत नाही, ते?” मी होकार दिला.

शनिवारी येतो. सोबत भिंग, फूटपट्टी, शिसपेन्सिली आणि बसायला चटई आणतो. भिंत डावीकडून वाचायची की वरून, एवढे आदिलकडे सांगून ठेवावे.

शिरीष खांबेटे

&nbsp;

सूर, १८ डिसेंबर २०२५

मास्तर,

शनिवारी तुम्ही चार वाजता बस पकडलीत, त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहितो.

सकाळी आठ ते तीन तुम्ही त्या खोलीत उभे होतात. मला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. प्रत्येक ओळीवर फूटपट्टी, मग तोंड बाईकडे, मग हातवारे. ‘प. ब.’ म्हणजे पट्टा बदलला, हे तुम्ही तिला असं सांगत होतात, जसा कुणी राजा मेला आणि दुसरा गादीवर बसला. मार्च २०२० च्या ओळीपाशी तुम्ही थांबलात. तिथे मी लिहिलं आहे: ‘सगळे कामगार खोल्यांत बंद. तेल मी एकट्याने बदललं. मशीन चालू.’ ती ओळ तुम्ही तिला वाचून दाखवलीत आणि चष्मा पुसलात. बाईनेही पुसला. त्या खोलीत ओल फार असते.

तुम्ही गेल्यावर तिने ती इंग्रजी पानं मोजली. बावीस. मग चुना मारलेल्या भागावर बोट ठेवून विचारलं, “इथे कुणाचं राज्य होतं?” मी म्हटलं, “स्वावोयकाचं.” एवढा एक शब्द मला तुमच्यामुळे आला. ती इतकी हसली की राजीव बाहेरून धावत आला.

पास, मास्तर. एका अटीवर. भिंतीवरची नोंद यापुढे दर महिन्याला वहीत उतरवायची, आणि ती उतरवायला नेमलेला माणूस अहवालात नावाने लिहायचा. मी म्हटलं, माणूस नंतर बघू. तिने नाही म्हणून मान हलवली. नाव आत्ता हवं, आणि पुढे त्याला काढायचा असेल तर आधी दुसऱ्याचं नाव कळवायचं. राजीव म्हणाला, हा तर तुम्ही अधोरेखित केलेला नियम. पान अठ्ठ्याण्णव. मास्तर, दुसरा असा माणूस मला अख्ख्या ओमानात मिळायचा नाही.

तुमची फाईल ती घेऊन गेली. आईला दाखवणार आहे. पान एकेचाळीसवर एक तारीख एका दिवसाने चुकली आहे, असं तिने सांगितलं. तुम्हाला कळवू नको, असं राजीव म्हणत होता. पण तुम्ही नंतर कुठून तरी शोधून काढाल आणि मला सात पानांचं पत्र लिहाल, म्हणून आधीच कळवतो. याला म्हणतात पी.एम.

महिन्यातून एकदा सूरला यावं लागेल. मुलीची परीक्षा होईपर्यंत मीच पेन्सिलीने लिहीन, तुम्ही मार्चपासून या. चटई इथेच राहिली आहे, दोन नंबरशेजारी. तिच्यावर सध्या आदिल झोपतो.

सोबत दोन कागद. एक रेसिडेन्सचा, सही केलेला. दुसरी माझी ९ ऑक्टोबरची चिठ्ठी, तुम्ही शनिवारी खोलीत विसरलात ती. त्यातली मात्रा खोडली आहे. अर्धचंद्र द्यायचा राहून गेला होता, तो लाल शाईने दिला आहे. ‘प’ला.

बदरुद्दीन